चांदीची कास

माझ्या उजव्या हातामुळे मी काकूच्या मनातून उतरले, असं पुढे गावात सांगितलं जायचं. ते खरं नाही. तिच्या मनात मी कधी चढलेच नव्हते. आमची आय खाडीकाठच्या करावे गावची, मासळी विकणाऱ्या घरातली. काकूचं माहेर भातशेतीचं, मिठागराचं. आय लग्न होऊन आली त्या दिवसापासून काकूच्या नाकाला वास येत होता, आणि मी जन्मल्यावर तो माझ्याही अंगाला यायला लागला. एका कौलाखाली आम्ही सगळे राहत होतो, काका-काकू, त्यांची मुलं, आय, बाबा आणि मी. चूल एक, पण दोघींच्या भाकऱ्या वेगळ्या पडायच्या. काकू तवा उतरवायची तेव्हा तो असा आपटायची की झोपलेलं मांजर उठून बाहेर जायचं. वालाची भाजी, जवळ्याची चटणी, तांदळाची भाकरी, सगळं चवीचं असायचं, आणि जेवताना कुणी कुणाशी बोलायचं नाही. काका पाटावर, बाबा त्यांच्या शेजारी खाली. बाबा रबाळ्याच्या कारखान्यात कामाला जायचे. तिथल्या मशिनच्या आवाजात दिवसभर गप्प राहून राहून त्यांना गप्प राहायची सवय लागली, असं आय म्हणायची. मला वाटतं ती सवय त्यांना लहानपणीच मोठ्या भावासमोर लागली होती.

आमची शेतं नव्या शहरासाठी सरकारकडे गेली होती. मिठागर गेलं होतं. घराच्या मागच्या बाजूला जिथवर भात दिसायचा तिथे आता भराव पडलेला होता, आणि त्या भरावात सकाळपासून खांब ठोकायचं मशिन चालायचं. धप्प, मग थोडी शांतता, मग पुन्हा धप्प. त्या आवाजानं मांडणीवरची भांडी हलायची. आज मी त्याच भरावावरच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि कधी दुपारी सगळं शांत झालं की मला तो आवाज पायाखालून आल्यासारखा वाटतो. घरातलं कुणी मग विचारतं, काय ऐकतेस? मी काही नाही म्हणते.

शेतं गेल्यावर घरात जनावरं दोनच उरली. एक तांबडी, वयानं पोक्त, शांत. दुसरी तिची कालवड, चांदी. चांदीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. दोघी काकूच्या. म्हणजे घरच्याच, पण काकू 'माझ्या गायी' म्हणायची आणि कुणी ते दुरुस्त करायचं नाही. काकूचं मनगट एकदा पडून वाकडं बसलं होतं, त्यामुळे धार काढणं माझ्याकडे आलं. मला ते आवडायचं. पहाटेचा गोठा, आंबोणाचा उबदार वास, तांबडीच्या पोटाला डोकं टेकवून बसायचं, पहिल्या धारेचा बादलीत टणटण आवाज, मग फेस चढला की तो आवाज मऊ व्हायचा. घरात मला कुणी जवळ घेत नसे. तांबडी जवळ घ्यायची, असं लिहिताना मला लाज वाटत नाही.

त्या वर्षी माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर चामखिळी उठल्या. पेरांवर, खडबडीत, करड्या. शाळेतल्या मुली नाचणीचे दाणे म्हणायच्या. दुखत नव्हत्या. आय म्हणाली, येतात न जातात, खाजवू नको. मी खाजवायची नाही.

चांदी गाभण होती तेव्हाच मी तिच्या सडांवर बारीक बारीक दाणे पाहिले होते. तिला धुताना. तोवर तिच्या कासेला धारेसाठी कुणाचाही हात लागलेला नव्हता. मी काकूला सांगितलंही. काकू सूप पाखडत होती. "उगा कायतरी दाखवत येऊ नको," एवढंच म्हणाली. हे मी आवर्जून लिहून ठेवते, कारण पुढे ती हे बोलणं झालंच नाही असं म्हणाली, आणि ते ऐकायला तिसरं माणूस तिथे नव्हतं.

चांदी व्याली. कालवडच झाली. खरवस झाला, शेजारी वाटला गेला, काकू दोन दिवस माझ्याशी बरी वागली. पण सडांवरचे दाणे आता वाढून चामखिळी झाल्या होत्या. काही चपट्या, काही कोंबासारख्या लोंबत्या, एका सडाच्या तर टोकालाच. पहिलारू गाय, तिला धारेची सवय नाही, त्यात चामखीळ बोटाखाली दाबली गेली की ती थरथरायची. मी जमेल तितकं जपून काढायची. एका सकाळी चामखीळ सोलवटली, रक्त आलं, आणि चांदीनं लाथ मारली. बादली उलटली, मी मागे भिंतीवर आपटले. आवाजानं काकू आली. तिनं आधी सांडलेलं दूध पाहिलं. मग वाकून कास पाहिली. मग माझ्याकडे आली आणि माझा हात धरून उजेडात फिरवला.

"यो बघ," ती म्हणाली. "यो बघ कटून आयला ता." रोग कुठून आला ते तिला सापडलं होतं.

मी म्हणाले, काकू, हे तिला आधीपासून होतं, मी तुला सांगितलं होतं.

"माज्या गायीला आयशीची घान लावलीस तू."

त्या दिवसापासून मला गोठ्यात जायची बंदी झाली. मग पीठ मळायची. मग देवघरातली समई पुसायची. काकूच्या बोलण्यात माझं नाव राहिलंच नाही, मी 'हातवाली' झाले. आय ते ऐकून पेटायची. दोघींची भांडणं मला आजही शब्द न् शब्द आठवतात, पण त्यातले बरेचसे शब्द छापण्यासारखे नाहीत. आय म्हणायची, माझी पोर दूध काढत होती म्हणून तुझ्या चहात दूध पडत होतं. काकू म्हणायची, मासळीवालीच्या पोरीला गोठ्यात घेतलं ही माझी चूक. बाबा ओट्यावर बसून पायातली चप्पल काढायचे, पुन्हा घालायचे.

घरातच राहिलं असतं तर मी सोसलं असतं. पण आमचं दूध नव्या वसाहतीतल्या काही घरांत जायचं, आणि ते पोचवायचं काम माझ्याकडे होतं. तिथे एक बाई होत्या, मुंबईहून नव्यानं राहायला आलेल्या, मला शाळेची जुनी पुस्तकं द्यायच्या. एके दिवशी त्यांनी दार अर्धंच उघडलं. दुधाचं पातेलं बाहेर न आणताच म्हणाल्या, "अगं, तुझी काकू परवा खाली भेटली होती. तुझ्या हाताला म्हणे काहीतरी इन्फेक्शन झालंय. गाईलाही लागलं. आमच्याकडे लहान मूल आहे ना, म्हणून जरा टेन्शन वाटतं. राग नको मानू हं." दार बंद झालं. साखळीचा आवाज आला. काकू आपली गिऱ्हाइकं स्वतः तोडत होती, आणि ते कशासाठी, तर माझ्या हाताबद्दल सांगता यावं म्हणून. माणूस वैरापायी स्वतःचंही दूध नासवतो हे मला तेव्हा त्या जिन्यात उभं राहून कळलं.

आता धार काकू काढायला लागली. वाकड्या मनगटानं, चिडून. आधी चांदीची, कारण ती त्रास देते म्हणून तिला उरकून टाकायची, आणि मग त्याच हातानं तांबडीची. मी खिडकीतून बघायची. आणि काही आठवड्यांनी, मी गोठ्याचा उंबराही ओलांडलेला नसताना, तांबडीच्या सडांवर दाणे आले.

मला वाटलं, सुटले. आता तरी कळेल. काकूनं ते पाहिलं, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणाली, "हात नाय लागला तर काय जाला? डोला तर लागतो."

त्यावर मी काय करणार होते? दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी गुरांच्या सरकारी दवाखान्यात चालत गेले. डॉक्टर तरुण होते, देशावरचे, नव्यानेच आलेले, बोलणं संथ. मी सगळं सांगितलं. माझा हातही दाखवला. त्यांनी तो हसत बाजूला केला आणि सायकल काढली. आमच्या गोठ्यात त्यांनी दोन्ही गायी नीट तपासल्या. काका, काकू दोघं दारात उभे होते. बाबा कारखान्यातल्या पाळीवरून नुकतेच आले होते.

"हा गुरांचा आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "विषाणू असतो. एका गुराकडून दुसऱ्याला जातो. चरायला जाताना लागला असेल. माणसाच्या हातावरची चामखीळ वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही. पोरीला उगाच बोल लावू नका."

"मंग तांबडीला कोनी दिला?" काकूनं विचारलं.

"धार काढणाऱ्या हातानं. म्हणजे हिच्या सडावरून तिच्या सडावर. आधी चांगल्या गाईची धार काढायची, आजारीची शेवटी, आणि मध्ये साबणानं हात धुवायचे. बाकी फार काही करू नका. बहुतेक वेळा हे आपोआप गळून जातं. वेळ लागतो. टोकाची ती एक चामखीळ मी पुढच्या खेपेला येऊन काढतो, तिनं धार अडते आहे. पण घरी कापू नका, बांधू नका, डागू तर मुळीच नका. सड जाईल."

काकांच्या चेहऱ्यावर मला क्षणभर काहीतरी हललेलं दिसलं. पण काकूनं पदर खोचला. "जमीन घ्याला आयलं तवा पन सरकारचा मानूस असाच गोड बोलला. तुमचा भलाच हाय म्हनला. आता गाय पन त्याच्याच बोलन्यानं घालवू काय?"  काकांनी मान डोलवली. डॉक्टर सायकलवर बसले. जाताना बाबांना म्हणाले, तुम्ही तरी लक्ष ठेवा. बाबा म्हणाले, हो.

काकूनं गुरांना डाग देणारा एक माणूस पनवेलच्या बाजूनं बोलावला. त्याच्याबद्दल मला फारसं माहीत नाही. उंच, दाढी वाढलेला, खांद्यावर गोणपाटाची पिशवी. आय सकाळीच मासळीची टोपली घेऊन बाजाराला गेली होती, आणि काकूनं तोच दिवस धरला होता हे उघड आहे. अंगणात गोवऱ्या पेटवल्या. त्यानं पिशवीतून लोखंडाची एक बारीक सळी काढून विस्तवात सारली. चांदीला बाहेर आणून तिचे पाय बांधले, काका आणि दोन शेजाऱ्यांनी तिला आडवं पाडलं. बाबांना शिंगं धरायला सांगितलं. त्यांनी धरली.

मी ओट्याच्या खांबाला टेकून उभी होते. सळी लागली तेव्हा चांदी ज्या आवाजात ओरडली तो गाईचा आवाज नव्हता. जळक्या कातड्याचा वास आला, आणि गोठ्यातून तांबडी हंबरायला लागली, थांबेचना. त्या माणसानं टोकाच्या चामखिळीवर सळी नुसती टेकवली नाही, दाबून धरली. मी ओरडले, डॉक्टरनं नको सांगितलंय. तेव्हा त्यानं वर बघितलं आणि काकूला विचारलं, ही काय तुमची हातवाली?

"हीच."

"मूळ तिथं हाय. मूळ ठेवलं तर फांदी परत फुटंल."

काकू माझ्याकडे आली ती तयारीनंच आली. माझं मनगट तिनं दोन्ही हातांनी धरलं. वाकडं मनगट म्हणून जिला बादली उचलवत नव्हती, तिच्या हातात तेव्हा एवढं बळ कुठून आलं मला सांगता येणार नाही. तिनं मला ओढत विस्तवापर्यंत नेलं. मी बाबांकडे पाहिलं. ते अजून चांदीच्या शिंगांशीच गुडघे टेकून होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काका म्हणाले, "थोडं सोसायचं. बरंच व्हायचं हाय ना?" आणि बाबांनी खाली पाहिलं.

मी तेव्हा जे बोलले ते रडत रडत बोलले, पण मोठ्यानं बोलले. अंगणात जमलेल्या सगळ्या बायकांना ऐकू गेलं. "तांबडीला माझा हात नाय लागला. मला गोठा बंद होता. तेव्हापासून धार काकू काढते. मूळ डागायचं तर आधी हिचा हात डागा!"

कुणीतरी हसलं. मग दुसरी कुणीतरी. एक म्हातारी म्हणाली, पोर बोलते ते खोटं नाय. डाग देणाऱ्यानं सळी हातात धरून काकूकडे पाहिलं, खरंच विचारात पडल्यासारखं. काकूचा चेहरा काळा पडला. तिनं एका हातानं त्याचा हात धरून स्वतःच सळी माझ्या बोटांवर ढकलली. मधल्या बोटाच्या पेरावर ती टेकली. तेवढाच वेळ, पण टेकली.

त्याच वेळी आय फाटकातून आत आली. काय चाललंय हे विचारायला ती थांबली नाही. डोक्यावरची टोपली खाली घेतली आणि तिच्यातल्या पत्र्याच्या डब्यातलं बर्फाचं, मासळीचं उरलेलं सगळं पाणी तिनं त्या विस्तवावर आणि त्या माणसाच्या पायांवर ओतलं. राख उडाली, धूर झाला, बोंबलाचा वास सगळ्या अंगणभर पसरला. तो माणूस उड्या मारत मागे सरकला. आयनं माझा हात पाहिला. मग ती बाबांकडे वळली. त्यांच्या हातात अजून शिंगं होती.

"तू इथंच होतास?" तिनं विचारलं. बाकी काही नाही.

आम्ही दोघी तशाच करावेला निघालो. मामाच्या घरी माझ्या बोटावर खोबरेल तेल लावलं, मामीनं कोलंबीचं कालवण केलं, मी जेवले आणि झोपले. घरात खाडीचा वारा यायचा, जाळी वाळत घातलेली असायची, सगळे एकमेकांवर ओरडून बोलायचे, आणि ते ओरडणं रागाचं नाही हे समजायला मला एक-दोन दिवस लागले.

मग एका दुपारी बाबा आले. कारखान्याच्या कपड्यांतच होते. बाहेर उभे राहिले. आय जाळ्याला गाठी मारत होती, तिनं मान वर केली नाही.

"चल घरी," बाबा म्हणाले.

"कोनाच्या?"

बाबांनी पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली.

"तुझ्या दादूसला जाऊन सांग," आय म्हणाली. "पोरीला हात लावला तर हात तोडीन असा सांग. त्याच्या बायकोसमोर सांग. मंग ये. नायतर येऊ नको, मी काय उपाशी मरनार नाय."

बाबा आले तसे उन्हातून परत गेले. मला त्यांची दया आली नाही. मामानं विचारलं, जमेल काय त्याला? आय म्हणाली, बघू.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी ते पुन्हा आले. सदऱ्याची बाही खांद्यापासून फाटली होती, ओठ सुजला होता, एका डोळ्याखाली रक्त साकळलं होतं. हयातीत ज्या भावासमोर त्यांनी आवाज चढवला नव्हता, त्याच्याशी ते अंगणात सगळ्या गावासमोर मारामारी करून आले होते. दारात बसले, माझा हात मागितला, बोटावरची जखम पाहिली. "सांगितला," ते आयला म्हणाले. आयनं ताट वाढलं. बाबांना सुजलेल्या ओठानं नीट खाता येत नव्हतं, तिखट झोंबत होतं, तरी त्यांनी ताटातलं सगळं संपवलं. त्यांना मी माफ केलं असेल तर त्या जेवणात केलं.

आम्ही परतलो आणि घराचे दोन भाग झाले. मधे भिंत उठली, आमच्या बाजूला दुसरी चूल आली. चांदीचा तो सड गेला. जखम चिघळली, सूज कासेवर चढली, आणि शेवटी डॉक्टरांना बोलावलं तेव्हा काकूला त्यांच्यापुढे पदर पसरून उभं राहावं लागलं. त्यांनी गाय वाचवली, पण त्या सडातून पुन्हा कधी दूध आलं नाही. बाकीच्या चामखिळी, चांदीच्या आणि तांबडीच्याही, काही महिन्यांनी सुकून गळून पडल्या, डॉक्टर म्हणाले होते तशाच. काकूनं गावात सांगितलं की डागानं गुण आला, आणि हातवाली वेगळी निघाली म्हणून आला. माझ्या बोटांवरच्याही कधीतरी गेल्या. कधी, ते माझ्या लक्षात आलं नाही. डागलेल्या पेरावर तेवढी पांढरी गुळगुळीत खूण राहिली. लग्नाच्या बोलण्यात एकदा कुणी विचारलं, हे काय? आय म्हणाली, जावेनं भाजलं. ते स्थळ मोडलं, आणि आयनं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

माणसं म्हणतात, म्हातारपणी सगळं विसरायचं असतं. मी पुष्कळ विसरले आहे. काकूला विसरले नाही, आणि तिनंही मला विसरू दिलं नाही. तिच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेले ते लोकलाजेस्तव, हे कबूल करायला मला अडचण नाही. काका आधीच गेले होते. जुन्या घराच्या त्यांच्या वाट्याच्या जागी तिच्या मुलांनी चार मजल्यांची इमारत बांधली होती. खालच्या खोलीत ती पडून होती, हाडांचा सापळा, पण डोळे तेच. सून मला म्हणाली, जरा बसा, मी औषध घेऊन येते, आणि गेली. खोलीत आम्ही दोघीच. बऱ्याच वेळानं काकूचे ओठ हलले. पाणी हवं होतं. मी पेला भरला, तिच्या मानेखाली डावा हात घातला आणि पेला तिच्या तोंडाशी धरला. तिनं पेल्याकडे पाहिलं. मग तो धरलेल्या माझ्या बोटांकडे पाहिलं. आणि उरलेला सगळा जीव गोळा करून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी तिची मान उशीवर हळूच ठेवली. पेला हातात तसाच होता. खिडकीतून रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज येत होता. मी खुर्चीवर बसले आणि ते पाणी स्वतः प्यायले.